सतरा नंबरचा वाकडा पाना

वडिलांची हत्यारे भिंतीवर टांगलेली असत आणि त्यांतली निम्मी तरी कुठल्याच दुकानात मिळाली नसती.

घराला टेकून काढलेल्या पत्र्याच्या छपराखाली, जुन्या गाडीच्या नाकासमोर एक लांबरुंद फळी होती आणि तिच्यावर खिळ्यांच्या सहा रांगा. चाकाचा हब ओढून काढण्यासाठी खिडकीच्या मोडक्या गजांपासून केलेला तीन पायांचा पुलर, ब्रेकमधली हवा काढण्याची बाटली आणि तिला जोडलेली रबरी नळी, स्प्रिंगा अडकवण्यासाठी सायकलच्या आऱ्याचा आकडा. इंजिनाच्या पाठीमागे डोकावण्यासाठी जाड तारेच्या टोकाला एक इवलासा गोल आरसा होता. तो आईच्या पावडरच्या डबीतला. "तिला विचारूनच घेतला," असे वडील सांगत. आई होती तोवर ती आतून ओरडे, "विचारलंत खरं, पण आरसा उचकटून झाल्यावर!"

वडील एकतीस वर्षे पाणीपुरवठ्याच्या पंपघरात फिटर होते. गाडी त्याहून थोडी लहान. तिला बाहेरचा हात कधी लागला नव्हता आणि ही गोष्ट वडील एखादी पदवी सांगावी तशी सांगत.

मुलगा मात्र त्या छपराखाली पाहुण्यासारखा वाढला. तो दुसऱ्या शहरात एका छापखान्यात मुद्रिते तपासत असे. इतरांच्या ओळींतल्या चुका हुडकायच्या, समासात बारीक खूण करायची आणि आपण तिथे येऊन गेल्याचा मागमूस राहू द्यायचा नाही, हे काम त्याच्या अबोल स्वभावाला अंगरख्यासारखे बसले होते. वडील त्याला 'शुद्धलेखन' म्हणत. लहानपणी गाडीच्या कामात त्याच्या वाट्याला एकच काम येई, बॅटरी धरण्याचे. तेही धड जमत नसे. "अरे शुद्धलेखन, उजेड बोल्टवर पाड, माझ्या तोंडावर नको. मी नाही गळत, तेल गळतंय!" गाडीखालून आवाज येई आणि तो शरमेने आणखीच हले.

वडिलांची उजवी बाजू एका सकाळी लुळी पडली तेव्हा तो रजा टाकून आला. इस्पितळात भेटण्याच्या वेळा दोन, एक सकाळची आणि एक संध्याकाळची. मधली दुपार रिकाम्या घरात त्याला खायला उठे. तिसऱ्या दिवशी तो छपराखाली गेला. फळीवरच्या हत्यारांवर काळपट तेल आणि गंज साचला होता. त्याने एक हत्यार उतरवून रॉकेलमध्ये बुडवले, पॉलिश पेपरने घासले, पुसून पुन्हा त्याच खिळ्याला लावले. मग दुसरे. वडिलांशी जे बोलायचे आयुष्यभर राहून गेले, ते जणू तो त्या लोखंडाशी बोलत होता. वीस दिवसांत सहाही रांगा लखलखू लागल्या. एकाही हत्याराची जागा त्याने हलू दिली नाही.

चौथ्या रांगेत सातव्या खिळ्यावर सतरा नंबरचा एक रिंग पाना होता. तेवढा वाकडा होता. मान मोडून पडलेल्या पक्ष्यासारखा तो एका बाजूला कलला होता आणि वाकल्याच्या जागी निळसर डाग होता. कधीतरी जोर जास्त लागून बिचारा वाकला असणार, असे मुलाला वाटले. त्याने तो व्हाइसच्या लोखंडी जबड्यात पकडला, दांड्यावर लोखंडी नळी चढवली आणि सगळे अंग टाकून हळूहळू सरळ केला. डागही घासून काढला. वीस दिवसांतले सर्वांत अवघड काम तेच होते आणि त्याला सर्वांत जास्त आनंदही त्याच कामाचा झाला.

वडील घरी आले ते काठी टेकत. छपराच्या दाराशी थांबून त्यांनी फळीकडे पाहिले. चष्म्याआड डोळे बारीक केले.

"हे कोणी केलं रे?"

"मी. दुपारी वेळ होता."

"आरशासारखं केलंस की!" वडील म्हणाले आणि डाव्या हाताने त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

छत्तीस वर्षांत पहिली. त्या रात्री त्याला लवकर झोप लागली.

पुढचा प्रश्न बहिणीने काढला. ती दूरच्या शहरात चौथ्या मजल्यावर राहत असे आणि फोनवर नेहमी थोडी मोठ्यानेच बोले. "डॉक्टर काय म्हणाले, ऐकलंस ना? डोकं शाबूत असेल तर राहू देत एकटे. पण डोकं शाबूत आहे की नाही हे ठरवायचं कोणी?"

"गाडी ठरवेल," वडिलांनी मुलाच्या हातून फोन ओढून घेत सांगितले. "महिनाभर उभी आहे, आता किल्ली फिरवली की नुसतं टक् करते. हात याचे, डोकं माझं. तू रविवारी येतेस ना? तोवर सुरू केली तर मी इथेच. नाही झाली तर येतो तुझ्याकडे आणि खिडकीत बसतो कुंडीसारखा. रोज पाणी घाल."

"बाबा, काहीतरीच काय बोलता!"

"मग! पैज म्हणजे पैज."

"धक्का मारून सुरू झाली तर?" मुलाने हळूच विचारले.

"एकट्या माणसाच्या गाडीला धक्का कोण मारणार? तू तिकडून येशील, रोज सकाळी?"

बुधवारी काम सुरू झाले. वडील स्टुलावर बसले, मुलगा बॉनेटखाली वाकला. दिवे लाव, किल्ली फिरव, दिवे मंद होतात का बघ. नाही होत. मग गाडीची बॅटरी निर्दोष. आता स्टार्टरवर हातोडीने हलकेच ठोक. हलकेच म्हणतोय, खिळा ठोकायचा नाहीये. इंजिन अर्धा फेरा कण्हून थांबले. "झिजलेत," वडील खुशीत म्हणाले, "आतले कार्बनचे ब्रश झिजलेत. नवे त्या पत्र्याच्या डब्यात असतील, बिस्किटाच्या." डबा उघडला तर ब्रश होते. वडिलांच्या चेहऱ्यावर पोरवयातली चमक आली. "बघितलंस? चालतंय अजून." आणि त्यांनी कपाळावर बोट ठेवले.

"स्टार्टरला दोन बोल्ट. खालचा दिसतो, तो साध्या पान्याने निघेल. वरचा पाठीमागे लपलाय. बाहेरचा मेकॅनिक असता तर आधी धुराचा सगळा पाइप उतरवला असता. आपल्याला गरज नाही. आपण त्याच्यासाठी पाना केलाय. चौथी रांग, सातवा खिळा. वाकडा आहे बघ, तो दे."

मुलाने हातातली हातोडी खाली ठेवली. तो फळीपाशी गेला आणि गरजेपेक्षा जास्त वेळ तिथे उभा राहिला. मग सातव्या खिळ्यावरचा पाना काढून त्याने वडिलांच्या हातात दिला.

वडिलांनी तो डाव्या हातात फिरवला. "हा नव्हे रे. हा साधा. वाकडा म्हणतोय मी, मानेत तापवून वाकवलेला."

"सातव्या खिळ्याला हाच होता."

हे वाक्य खरे होते. पुढे कितीतरी दिवस त्याला त्या खरेपणाचीच शिसारी येत राहिली. आणखी एकच वाक्य बोलायचे होते: मीच तो सरळ केला. पण पाठीवरची ती थाप अजून ताजी होती. उद्या सांगू, पाना पुन्हा वाकवून हातात देऊ आणि मग सांगू, असे त्याने मनाशी ठरवले.

"मग हा कुठला?" वडील पुटपुटले. "सेटमधला सतरा तर डब्यात आहे. हा मी कधी आणला?" ते उठले. काठी टेकत रांगेरांगेने फिरले, प्रत्येक हत्याराला बोट लावत, तोंडाने नाव घेत. पुलर. आकडा. नळी. एका जाड सळईपाशी ते अडले. "ही कशाची?" त्यांनी विचारले आणि उत्तर येण्याआधीच वळून स्टुलावर येऊन बसले.

"मीच कुठेतरी ठेवला असणार," ते म्हणाले. "आणि इथे लक्षात काय, तर सातवा खिळा!" ते हसले, पण ते हसू अर्ध्याच चेहऱ्यावर उमटले. आता तसेच उमटत असे.

दुसऱ्या दिवशी दुपारी, वडील झोपले असताना, त्याने पाना पुन्हा व्हाइसमध्ये धरला. नळी चढवली, जोर लावला. लोखंड जेमतेम वाकले आणि सुकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. दांडा त्याच्या हातात राहिला, रिंग व्हाइसमध्ये. तुटल्या जागी आतले लोखंड राखाडी आणि दाणेदार होते. त्याच वेळी रस्त्याने भंगारवाला हाळी देत चालला होता. आपण काय करतो आहोत हे कळण्याआधीच त्याने दोन्ही तुकडे त्याच्या हातगाडीत टाकले होते. मुद्रितातली चूक खोडावी तितक्या सवयीने त्याचा हात चालला.

मग ते दिवस आले. वडिलांनी स्वतःची परीक्षा घ्यायला सुरुवात केली. सकाळची गोळी घेतली का, हे ते दोनदा विचारीत. किल्ली जागेवर आहे की नाही, हे तीनदा पाहत. शेजारच्या शिंप्याचे नाव पटकन आठवेना आणि नाव आठवल्यावरही त्यांना बरे वाटले नाही. ज्या गोष्टी कोणीही विसरतो त्या विसरल्या तरी आता ते मान हलवीत, जणू स्वतःविरुद्धची साक्ष पुरी होत होती. शुक्रवारी मुलाने विचारले, "पुन्हा बघू या का, दुसऱ्या पान्याने?" वडील म्हणाले, "राहू दे. तिला कापड घाल."

रविवारी बहीण आली आणि सोमवारी बॅगा भरून झाल्या. गाडीवर कापड होते. टॅक्सी दारात उभी राहिली, बहीण बॅगा मोजू लागली आणि वडील पायरीवर बसून कोणीतरी पायांत बूट चढवून देण्याची वाट पाहू लागले. मुलगा त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसला. बुटाची नाडी हातात घेतल्यावर, मान खाली असताना, त्याला बोलता आले.

"बाबा, पाना हरवला नव्हता. तुम्ही सांगितलेल्या जागीच होता. मी तो सरळ केला होता. मला वाटलं, वाकलाय. मग परत वाकवायला गेलो तर तुटला. तुमचं डोकं अगदी शाबूत आहे. चूक माझी आहे."

 मग त्याच्या केसांवर हात आला.

"कुठेत तुकडे?" वडिलांनी मृदूपणे विचारले.

"भंगारात दिले."

"बरं."

"बाबा, खरंच सांगतोय मी."

बहिणीने बॅग खाली ठेवली. तिचे डोळे भरले होते. "हा लहानपणापासून असाच. लोणच्याची बरणी मी फोडायची आणि हा पुढे होऊन सांगायचा, मी फोडली. आठवतं ना बाबा?"

"ते आठवतं," वडील म्हणाले. "चांगला आहेस रे. पण खोटं बोलणं तुला कधीच जमलं नाही. नाडी घट्ट बांध. सैल बांधतोस तू."

त्याने नाडी घट्ट बांधली. टॅक्सी वळणावरून गेली तेव्हा मागच्या काचेतून वडिलांची टोपी दिसली. त्यांनी वळून पाहिले नाही. मान उजवीकडे वळत नव्हती.

घर बंद करण्यासाठी त्याच्याकडे रजेचे चार दिवस उरले होते. त्याने बाजारातून सतरा नंबरचे तीन रिंग पाने आणले. गाडीवरचे कापड काढले. आईचा आरसा इंजिनामागे घालून बॅटरीचा उजेड पाडला, तेव्हा त्या लपलेल्या बोल्टाच्या जागी आधी त्याला स्वतःचाच डोळा दिसला. मग आरसा कलता करून त्याने ती अडचण नीट पाहिली आणि कागदावर कोन काढला. पहिला पाना त्याने ब्लोलॅम्पच्या ज्योतीवर तापवला, पण लाल होण्याआधीच वाकवायला घेतला. त्याला चीर गेली. दुसरा जास्त वाकला. तिसरा तापवताना तो घाई न करता बसून राहिला. लोखंड पिकल्या फळाच्या रंगाचे झाले तेव्हा ते मेणासारखे वळले आणि वळल्या जागी निळसर डाग उमटला. तोच डाग, जो त्याने घासून काढला होता.

गुरुवारी सकाळी तो वाकडा पाना पाइपामागून सरकत गेला आणि बोल्टवर अलगद बसला. एवढ्या अडचणीत एवढी बरोबर जागा पाहून त्याने तो काढून पुन्हा एकदा बसवून पाहिला. बोल्ट सुटला. दुपारपर्यंत नवे ब्रश बसले. किल्ली फिरवताच गाडी खोकली, थरथरली आणि सुरू झाली.

त्याने बहिणीला फोन लावला. "ताई, बाबांना दे. लवकर दे." आणि फोन बॉनेटपाशी धरला. पुरते एक मिनिट. मग कानाला लावला.

"बाबा, ऐकलंत?"

"ऐकलं." वडिलांच्या मागे कुठेतरी लिफ्टचे दार लागल्याचा आवाज आला. "आवाज बरा आहे. मेकॅनिक बोलावलास?"

"नाही. मीच केलं. तुम्ही सांगितलंत तसं. पाना वाकवून घेतला, सतरा नंबरचा."

"तू?" त्या एका अक्षरात खूप दिवसांनी जुने वडील डोकावले. "तापवून वाकवलास ना?"

"हो. लाल होईपर्यंत."

"मग ठीक. थंड वाकवला की तुटतो तो."

"हो बाबा," तो म्हणाला. "तुटतो."



"तसा एक माझ्याकडे पण होता," वडील म्हणाले. "चांगला होता. कुठे ठेवला, काही केल्या आठवत नाही बघ."

त्याने तोंड उघडले. काही बोलण्याआधीच पलीकडे बहीण म्हणाली, "बाबा, चला, जेवायचं ना?" आणि फोन ठेवला गेला. गाडी चालूच होती. त्याने आत हात घालून ती बंद केली, पाना अजून कोमट असल्यासारखा दोन्ही हातांत धरला आणि चौथ्या रांगेत सातव्या खिळ्याला टांगला.