रोज पाऊस पडणारा देश

“पप्पा, पायाला जळू चिकटली तर ओढायची नाही हां!” मोबाईलमधून मान वर न करता प्रार्थनाने बापाला बजावलं. “नखानं हळूच सोडवायची.”

“आन् माकडं?” धाकट्या जोसेफचा आपला एकच प्रश्न.

“माकडं तुला बघूनच पळतील,” यशया म्हणाला आणि पोरं खिदळली.

भिंगारच्या त्या दोन खोल्यांत वर्षभर मलेशियाशिवाय दुसरा विषय नव्हता. यशया बोअरच्या मोटारी दुरुस्त करणारा माणूस. बोअरचं पाणी आटलं की मोटर जळते आणि मोटर जळली की यशयाला बोलावणं येतं. म्हणजे बिचाऱ्याची भाकरीच कोरड्या जमिनीवर. म्हणून की काय, त्याला वेड लागलं होतं ते रोज पाऊस पडणाऱ्या जंगलाचं. पोरांना एकदा तरी ते हिरवं रान दाखवायचं, झाडांच्या शेंड्यांवरच्या झुलत्या पुलावरून त्यांचा हात धरून चालायचं. बस्स! कृपाचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, भाऊ तिकडेच नोकरीला, त्यामुळे राहायची सोय होती. प्रश्न होता आईचा. मार्थाबाईंना हल्ली दिवस-रात्र कळत नसे. त्यांना सांभाळायला कोपरगावहून यशयाची बहीण एंजेला येणार होती.

निघायच्या आदल्या दिवशी एंजेलाचा फोन आला. “दादा, ह्यांचा पाय मोडलाय रे, दवाखान्यात हाय मी. कशी येऊ सांग?” आणि ती रडायलाच लागली.

“रडू नको येडे. तू त्यांच्याकडं बघ,” म्हणत यशयाने फोन ठेवला.

कृपाचं लाटणं थांबलं. “तुम्ही जा पोरांना घेऊन. मी राहते आईंजवळ. सगळी हौस तुमची, अन् तुम्हीच नाही म्हणजे काय?”

“मी आन् एंजेला सोडून ती कुनाच्या हातचं खाती का? काल तुझ्याच अंगावर ताट फेकलं न्हाई का तिनं?”

“मग कुणीच नको जायला.”

“वा गं वा! पोरांनी कुनाचं घोडं मारलंय?” यशया हसला खरा, पण आत चांगलंच तुटलं त्याच्या. एवढ्या दिवसांचं वेड, वाईट वाटणारच की! बॅगेतले आपले कपडे काढून त्याने त्या जागी पोरांचे जास्तीचे मोजे कोंबले आणि कुणाकडे न बघता कामावर निघून गेला.

कृपा आणि पोरं तिकडे पोचल्यावर दोन-चार दिवसांनी, ऐन मे महिन्यातल्या दुपारी, व्हिडिओ कॉल आला. मोबाईलभर नुसतं हिरवंगार हलत होतं. “पप्पा, ऐका!” जोसेफ ओरडला आणि त्याने मोबाईल बाहेर धरला. काय तो पाऊस! पानांवर, पत्र्यावर, नुसता धो धो. यशयाने आवाज मोठा केला आणि डोळे मिटले.

खाटेवरच्या मार्थाबाई धडपडून उठल्या. “आरं, ऐकू येत न्हाई का तुला? पाऊस आला! दोरीवरची कापडं काढ, भिजत्यात समदी!”

बाहेर उन्हाने अंगण फुफाट्यासारखं तापलं होतं. आई, तो पाऊस लई लांब हाय गं, असं सांगायला यशयाने तोंड उघडलं. मग काय वाटलं कोण जाणे, मोबाईल तिच्या उशाशी ठेवून तो तसाच अनवाणी अंगणात धावला आणि सगळे कपडे खांद्यावर टाकून आत आला.

मार्थाबाईंनी एकेक कापड चाचपून पाहिलं. “भिजलं न्हाई ना रं काही?”

“न्हाई आई,” तो म्हणाला, “येळेवर काढली.”