अंगाला काही लावलंय का?

मी कपाट बोलतोय. साड्यांचं नव्हे, उजेडाचं. हसू नका, खरं सांगतोय. माझ्या पोटात हँगर नाहीत, माणसाच्या उंचीच्या नळ्या आहेत. बटण दाबलं की त्यांतून जांभळट उजेड पडायचा. उन्हातला कातडीला औषधी असलेला तेवढाच भाग मी द्यायचो, तोही डॉक्टर सांगतील तेवढाच. आमच्या डॉक्टरबाई त्याला अतिनील किरण म्हणायच्या. पेशंट म्हणायचे, लाइटीचं कपाट.

नव्वद सालानंतर लगेचच मला टेम्पोत आडवं घालून सांगलीत आणलं. डॉक्टर शरयूबाईंच्या दवाखान्याचा जिना इतका अरुंद, की मला वर चढवताना हमालांनी माझ्या खानदानाचा उद्धार केला. खानदान कसलं, पत्राच तो! पण मला राग आला होता.

माझ्याकडे कोडाचे पेशंट यायचे, खवल्यांच्या आजाराचे यायचे. आणि गोळ्यांना दाद न देणारं, वर्षानुवर्षं अंगावर उठणारं पित्त घेऊन क्वचित कुणी यायचं. तशीच संयोगिता आली.

विट्याजवळच्या गावची पोर. वडील फौजेत, आई लहानपणीच गेलेली, आत्यानं, मनुबाईनं वाढवलेली. रोज संध्याकाळी तिच्या अंगावर लाल गांधी उठायच्या, खाजवून खाजवून जीव नकोसा व्हायचा. सकाळी सगळं गायब, कातडी कोरी. आमसुलाचं पाणी झालं, गेरू झाला, गोळ्या झाल्या. वांगं सोडलं, अंडं सोडलं. पित्त काही सोडेना.

वैशाखात तिचं लग्न ठरलेलं. मुलगा विट्याच्या गलाईवाल्यांचा, कोइमतूरला सोनं गाळायचं दुकान. पोरीनं त्याला एकदाच पाहिलेलं, पण नाव निघालं की पदराशी चाळा सुरू. भीती एकच.

"बाई, हळदीला सगळा गाव अंगाला हात लावणार," ती डॉक्टरांना म्हणाली. "तवाच उठलं तर? रोगी पोरगी गळ्यात मारली म्हणतील."

"वैशाखाला अजून वेळ आहे," शरयूबाई म्हणाल्या. "पण एकही खेप चुकवायची नाही."

पहिल्या दिवशी ती दारातच अडली. "ह्यात कोंडून घालताय व्हय मला?"

"अगं, दाराला कडीच नाही. ढकललं की उघडतं."

मग काळा चष्मा लावून ती आत आली आणि भीती घालवायला माझ्याशीच बोलू लागली. "ए कपाटा, हळू रं गड्या. भाजू नगंस." इतके पेशंट आले-गेले, पण मला हाक मारणारी ती एकटीच. मी पत्र्याचा असलो म्हणून काय झालं, जीव लागायचा तो लागलाच.

बटण दाबण्याआधी शरयूबाई पडद्यापलीकडून दर वेळी एकच प्रश्न विचारायच्या. "अंगाला काही लावलंय का? तेल, पावडर, काहीही?"

"न्हाई बाई."

हळूहळू गांधी कमी झाल्या. एक दिवस ती आत आली तीच उड्या मारत. "कपाटा, काल वांग्याचं भरीत खाल्लं रं! कायबी झालं न्हाई!" मला टाळी वाजवता आली असती तर वाजवली असती.

इथंच सगळं थांबायला हवं होतं. पण बाहेरच्या बाकावर मनुबाई होती, आणि तिच्या शेजारी बनाबाई. बनाबाईच्या हातांवर कोड होतं. दोघींचं बोलणं मला पडद्याआडून ऐकू यायचं.

"मला वैदूनं बावचीचं तेल दिलंय," बनाबाई सांगत होती. "त्यानं उजेड लय लवकर चढतो अंगात."

"आमच्या पोरीला चालंल?"

"न चालायला काय झालं? कपाट येकच की."

कपाट एकच, पण आजार एक नव्हता ना, बायांनो! बावचीच्या तेलानं कातडीला उजेड कितीतरी पटीनं लागतो. पित्तावर त्याचा उपयोग नाही, आणि डॉक्टरांना न सांगता ते लावून माझ्यासमोर उभं राहणं म्हणजे भाजून घेणं. मी हे जाणत होतो आणि गप्प होतो, कारण मला गप्पच बनवलंय.

पुढच्या खेपेला मनुबाईनं पोरीच्या मानेला, दंडांना ते तेल मायेनं चोळून आणलं. पडद्याजवळ तिला कुजबुजली, "डागदरीणबाईला बोलू नगंस. झाडपाल्याचं सांगितलं की त्यांना राग येतो."

आपल्याकडची ही रीतच आहे. पाटणपासून औंधपर्यंतचे पेशंट मी पाहिलेत. अंगारा, गोमूत्र, कुणाकुणाचा पाला, सगळं लावून येतात आणि डॉक्टरांपुढे 'काही नाही' म्हणतात. खोटेपणा नसतो त्यात, डॉक्टरांचा मान राखायचा असतो.

संयोगिता आत आली. तेलाचा उग्र वास माझ्या पोटभर पसरला. शरयूबाईंना नेमकी सर्दी झालेली, त्यांना काही कळेना.

"अंगाला काही लावलंय का?"

तिचं बोट मानेवरच्या तेलावरून फिरलं. सांग गं, सांग, मी मनात ओरडत होतो.

"न्हाई बाई."

बटण दाबलं गेलं. वीज जावी म्हणून मी देव पाण्यात घातले. एरवी उठताबसता जाणारी मेली वीज, त्या दिवशी हलायला तयार नव्हती! माझ्या नळ्या पेटल्या, मला विझता येईना. ती मात्र मजेत होती. "हळदीला यायचं बरं का कपाटा," म्हणाली. तिला काहीच जाणवलं नाही. हे भाजणं दोन दिवसांनी कळतं.

दोन दिवसांनी ती फोड घेऊन आली. मान, दंड, सगळं सोलल्यासारखं. मनुबाई तोंडात मारून घेत होती. "माझ्या हातानं भाजली गं पोर!" शरयूबाई रागावल्या नाहीत. नुसत्या खाली बसल्या.

फोड बरे झाले, पण मागे पांढरे डाग राहिले. मुलाकडच्यांच्या कानावर गेलं: पोरगी सांगलीला कोडाच्या कपाटात उभी राहते, अंगावर डागही आहेत. शरयूबाई स्वतः विट्याला जाऊन आल्या. हे कोड नाही, भाजल्याचे डाग आहेत, हे त्यांनी तीन-तीनदा समजावलं. मुलाकडच्यांनी चहा पाजला, माना डोलावल्या आणि लग्न मोडलं.

पित्त मात्र पुन्हा उठलं नाही. त्या आजारातून पोर बरी झाली, हे कुणाला सांगू?

पावसाळ्यानंतर ती डाग दाखवायला आली होती. कुणाचं लक्ष नसताना माझ्या पोटात शिरली, दार ओढून घेतलं. नळ्या बंद, आत अंधार. कपाळ माझ्या पत्र्याला टेकवून म्हणाली, "कपाटा, तू तर बघितलंयस. व्हता का रं येक तरी डाग? सांग की कुणाला तरी." मग पुष्कळ रडली. मला तिच्या पाठीवर हातही ठेवता आला नाही.

आता माझ्या नळ्या काढल्यात. अडगळीच्या खोलीत माझ्या पोटात झाडू आणि फिनेलचे डबे असतात. तुम्हाला एकच विनवणी आहे. डॉक्टरांनी विचारलं, तर लावलं असेल ते सांगून टाका. रागावले तर रागावू देत. तुम्हाला तोंड आहे.

आणि विट्याकडे कुठं संयोगिता भेटली, तर माझं राहिलेलं उत्तर तिला द्या. नव्हता गं पोरी, एकही डाग नव्हता.