वीरेंद्रचा खड्डा

वीरेंद्र गेल्याला वर्ष होत आलं, तरी रुचिका रडली नव्हती. लोक म्हणत, बाई दगडाची आहे. दगडाची कसली, रागावलेली होती. ड्युटीच्या आधी आणि ड्युटीनंतर नवरा हेडफोन लावून कॉम्प्युटरसमोर बसायचा. त्या दिवशीही बसला होता. लेकीला, टीनाला, ताप आलाय, एवढंच सांगायला ती गेली, तर मागे वळूनही न पाहता म्हणाला, "दोन मिनिटं थांब." मग उशीर झाला म्हणून घाईघाईत मोटरसायकल काढली आणि वरठीच्या कारखान्यात पोचायच्या आधीच ट्रकखाली सापडला. आता मेलेल्या माणसाशी भांडायचं कसं?

शेवटी तिनं कुंदनला फोन केला. कुंदन वीरेंद्रचा कॉलेजपासूनचा दोस्त, भंडाऱ्यात कोशाच्या रेशमी साड्यांचं दुकान चालवतो.

"भाऊ, तो रोज जिथं जाऊन बसत होता ना, ते मले एकदा दाखवा."

दुपारी कुंदन आला. कॉम्प्युटरवरची धूळ पुसून त्यानं खेळ सुरू केला आणि नकाशा उघडला. त्याचं नाव डस्ट टू. पिवळ्या भिंतींचं एक रेताड गाव, त्यात पाच जण एकीकडे, पाच दुसरीकडे, आणि नुसता गोळीबार. बस स्टँडमागच्या सायबर कॅफेत ही मंडळी कॉलेज बुडवून हेच खेळायची. कॅफे बंद पडला, पोरांची लग्नं झाली, पोटं सुटली. नवे नकाशे ढिगानं आले, पण यांचं आपलं येरे माझ्या मागल्या.

"घरचा रस्ता चुकन एखाद्या वेळी, हा नाही चुकत," कुंदन रंगात आला होता. "तुमी हे घर घेतलं, तवा वीरू काय म्हणला माहीत हाय, वहिनी? गल्ली अगदी लाँगसारखी हाय म्हणे, घेऊनच टाकतो."

लाँग म्हणजे त्या नकाशातली लांब गल्ली. रुचिकाला इतकी वर्षं वाटत होतं, तिला स्वयंपाकघर आवडलं म्हणून त्यानं हे घर घेतलं.

कुंदननं तिला त्या गल्लीच्या टोकाला नेलं. तिथं एक खड्डा होता. "आमच्या पाचही जणांच्या जागा ठरल्या होत्या. ही वीरूची," म्हणत त्यानं माउस तिच्या हातात दिला. खड्ड्यातून समोर एक भिंत दिसत होती, दोन लाकडी दारं आणि थोडं आभाळ. दारातून कोणी आलं की गोळी घालायची, नाही आलं तर वाट पाहायची.

"एवढंच?"

"एवढंच, वहिनी."

एवढ्यासाठी! तिला वाटलं होतं, काहीतरी मोठं असेल, ज्याच्यापुढं आपण कमी पडलो. इथं तर पाहण्यासारखं काहीच नव्हतं. तिला त्याची कीव आली, आणि राग होता तो आणखीच वाढला.

कुंदननं पडद्यावरच्या खड्ड्याकडं बोट दाखवलं. "तो गेला तवापासून या खड्ड्यात कोणी उभं नाही राहिलं. दर रविवारी आमी चौघं खेळतो. नवा पाचवा गडी येते, त्याले आधीच सांगतो, तिथं जायचं नाही. मंग इकडून मार खातो, हरतो, पण जागा रिकामीच ठेवतो."

रुचिकानं माउस सोडला. तेरवीचं जेवण झाल्यावर त्या चौघांपैकी एकानंही या घराची पायरी चढली नव्हती. आजही कुंदन आला तो बोलावल्यावर.

"त्याच्या खड्ड्याचं लई सांभाळलं तुमी," ती म्हणाली. "टीना सहा महिने इचारत होती, पप्पाचे दोस्त कवा येतील म्हणून. मंग तिनं इचारणं सोडलं."

कुंदन उठला, पुन्हा बसला. "वहिनी, आमाले वाटलं, तुमच्यापुढं येऊन बोलावं तरी काय..."

"काही नसतं बोललं तरी चाललं असतं. येऊन बसायचं होतं."

एवढं म्हणेपर्यंत तिचा आवाज फुटला. वर्षभर अडलेलं रडू आलं, ते नवऱ्यासाठी नव्हतं, आणि आलं तेही या परक्या माणसापुढं; काही केल्या थांबेना.