परक्यापुढे

लतिका पुण्याहून नागपूरच्या सक्करदऱ्याला आली ती एकाच प्रश्नाचं उत्तर न्यायला. मुलींचं वसतिगृह चालवणाऱ्या समितीतली पाच माणसं वर्षभर एकमेकांशी धड बोलत नव्हती. अशा समितीच्या बैठकांना पुण्याची संस्था सहा महिने आपला माणूस बसवायची. पण ही मंडळी परक्यापुढे मन मोकळं करतील का, हे आधी बघावं लागे. उत्तर 'हो' आलं, तर लतिकाच इथं बसणार होती.

सहा महिने नागपूर! लग्न होऊन अकरा वर्षं झाली होती आणि आईबाबा गेल्यावर इथं माहेरी यायला निमित्तच उरलं नव्हतं. हे वसतिगृह बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर तिच्या बाबांनीच उभं केलं, हे तिनं संस्थेत सांगितलं नव्हतं. लबाडी म्हणा हवी तर.

बैठकीत आधी सगळे हवापाण्याचंच बोलले. मग अध्यक्ष देवरावांनी उठून दार लावलं आणि चिटणीस रंभाबाई कडाडल्या, "सैपाकीण काढली तवा मले काहून नाही विचारलं गा, देवरावभाऊ?"

"विचारलं असतं तं तू हो म्हणाली असती का वं?"

तासभर नुसता कल्ला. जुनी उणीदुणी निघाली, रंभाबाई रडल्या, शेवटी देवरावांनी चूक कबूल केली. लतिका मनात मांडे खात होती. खोली कुठं घ्यायची, तेही ठरवून झालं.

निघताना तिनं रीतसर विचारलं, "परक्या बाईसमोर एवढं बोललात, जड नाही गेलं?"

रंभाबाई हसल्या. "परकी? आनंदरावची पोरगी नं तू! चालणं बापाचंच आहे, दारातच ओळखलं. बाहेरचं कोणी असतं तं आमी चहा पाजून वाटे लावलं असतं."

हे ऐकायला लतिका अकरा वर्षं आसुसली होती. तिनं रंभाबाईंच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि पोटभर रडली. सहा महिने हातचे गेले, हे तिला त्याच क्षणी कळलं होतं.

गाडीत तिनं संस्थेचा कागद काढला. 'हो' लिहिलं असतं तर कुणाला कळणार होतं? अजनी स्टेशन मागे पडेपर्यंत ती पेन हातात धरून बसली. मग तिनं लिहिलं, "सांगता येत नाही. दुसऱ्या कुणाला पाठवा. मी इथली आहे."