दुकानातली आंधळी बाई

थोरली जाऊ दुकानाच्या आतल्या खोलीत बसून भरतकाम करायची आणि धाकटी बाहेर गल्ल्यावर बसून ते विकायची. दोघींची वाटणी तशी चांगली होती. थोरलीला माणसांचा कंटाळा, धाकटीला सुईचा. अडचण एकच. धाकटीला साधं, सरळ काही सांगताच यायचं नाही.

साखळी टाक्याचा साधा टेबलक्लॉथ घ्यायला कुणी आलं की ती सुरू. "हा ना, एका मुलीच्या लग्नासाठी भरला होता, पण लग्नच मोडलं हो!" आत थोरली दातांनी दोरा तोडायची आणि कपाळाला हात लावायची. कुठली मुलगी, कुठलं लग्न! तो तिने तापातून उठल्यावर वेळ जाईना म्हणून भरला होता.

"अगं, टाके चांगले आहेत, रंग पक्के आहेत, एवढं सांगितलं तर जीभ झडेल का तुझी?"

"जाऊबाई, टाके सगळीकडेच चांगले असतात. तुम्ही आत भरा, मी बाहेर भरते."

थोरली पुन्हा सुईकडे वळायची.

एके दुपारी एक बाई आपल्या म्हाताऱ्या आईला हाताला धरून थेट आतल्या खोलीत घेऊन आली. थोरली सुई ओवत होती. ती बाई दारातच थबकली.

"त्या तुम्हीच ना? नजर गेल्यावरही भरतकाम करणाऱ्या?"

थोरलीने वर पाहिलं. बाहेर धाकटी एकदम मन लावून कापडाच्या घड्या घालू लागली होती. थोरलीच्या काय ते लक्षात आलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"मागच्या वेळी उशीचे अभ्रे नेले ना," बाई सांगत होती, "तेव्हा तुमच्या जाऊबाईंनी सगळं सांगितलं. माझ्या आईचीही नजर गेलीय. दिवसभर नुसती बसून असते. म्हटलं, तुम्हाला भेटून तिला उभारी येईल."

थोरलीला वाटलं, धरणी दुभंगून धाकटीला पोटात घेईल तर बरं. हो म्हणावं तर डोळे मिटून बसावं लागणार. नाही म्हणावं तर या म्हातारीचं काय?

"मला दिसतं," ती शेवटी म्हणाली. "चांगलं दिसतं. माझ्या जावेने तुम्हाला थाप मारली."

बाईचा चेहरा पडला. आजी मात्र खुदकन हसल्या.

"सुटले बाई! हिने मला आतापर्यंत एका आंधळ्या गायकाकडे नेलं, एका आंधळ्या कुंभाराकडे नेलं. मला शिवणटिपण डोळे होते तेव्हाही आवडायचं नाही. मला कुणीतरी वर्तमानपत्र वाचून दाखवा म्हणते, ते कुणाला सुचत नाही."

"आई, अगं, तुझ्यासाठीच करते ना मी!"

"माहीत आहे गं. पण विचारत नाहीस." मग त्या थोरलीच्या आवाजाकडे वळल्या. "मी इंग्रजी शिकवायचे. हिने बाहेर तुमची पाटी वाचून दाखवली, एम्ब्रॉयडरी. त्या शब्दाचे दोन अर्थ आहेत बरं का. एक कापडावरची. दुसरा म्हणजे आपण तिखटमीठ लावून सांगणं म्हणतो ना, तो. तुमच्या दुकानात दोन्ही मिळतं."

थोरलीला हसू आलं नाही. त्या दोघी गेल्यावर तिने धाकटीला आतल्या खोलीत बसवलं, हातात सुई आणि कापड ताणलेली भरतकामाची रिंग दिली आणि स्वतः गल्ल्यावर जाऊन बसली.

गिऱ्हाइकं आली. "हे काय आहे?" "अभ्रा." "छान आहे." "हो." गिऱ्हाईक थोडं थांबायचं, आणखी काही ऐकायला मिळेल म्हणून, आणि निघून जायचं. एकाने विचारलं, "यामागे काही खास?" "मागे अस्तर आहे," थोरली म्हणाली. तोही गेला. संध्याकाळपर्यंत एक रुमालसुद्धा खपला नाही. आतून मात्र धाकटीचे सुस्कारे आणि 'आई गं' ऐकू येत होतं.

दुकान बंद करायच्या वेळी थोरली आत आली.

"उद्यापासून तू बाहेर बस. कापडाबद्दल काय सांगायचं ते सांग. पण माझ्याबद्दल अवाक्षर काढलंस तर बघ! मी आंधळी नाही, विधवा नाही, पोरकी नाही. माझा नवरा घरी कांदा चिरतोय."

"बरं," धाकटी पडेल आवाजात म्हणाली आणि टोचलेलं बोट चोखू लागली.

थोरलीने रिंग उचलून दिव्याखाली धरली. सगळे टाके वाकडेतिकडे, एक पान देठ सोडून भलतीकडेच गेलेलं. तिने एक लांब उसासा टाकला, कात्री घेतली आणि उसवायला बसली.