हयामचा हलवा

माझगावच्या त्या चाळीत मिलकाबाईंच्या हातचा चिकाचा हलवा ठाऊक नाही असं बिऱ्हाड नव्हतं. ही माणसं मूळची कोकणातल्या अष्टमी गावची, बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. घरात मराठी बोलायची, शनिवारी चूल पेटवायची नाहीत, आणि गणपतीच्या तोंडावर त्यांचं नवं वर्ष सुरू व्हायचं. त्याला ती नव्याचा सण म्हणत. त्या सणाला हा हलवा. तूप नाही, दूध नाही. गव्हाचा चीक आणि नारळाचा रस. मिलकाबाईंचा एकुलता एक मुलगा हयाम या हलव्यावर जीव टाकायचा. मोठा झाला, गिरगावात छापखान्याला लागला, तरी पातेल्याला चिकटलेली खरवड काढायला हातात चमचा घेऊन चुलीपाशी बसलेलाच.

छप्पन सालच्या जानेवारीत हयाम नाहीसा झाला. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाला म्हणून शेजारच्या लवूबरोबर गेला. लालबागला गोळीबार झाला. लवू संध्याकाळी अनवाणी, फाटक्या सदऱ्याने घरी आला. हयाम आला नाही. त्याचे वडील रहामिम गोदीत सुतार होते. कामावर खाडे करून त्यांनी इस्पितळं पालथी घातली, मुडदेघरात चादरी वर करून पाहिल्या, पोलीस कोठड्यांच्या दारांशी उभे राहिले. हयाम कुठेच नव्हता. जिवंतांत नाही आणि मेलेल्यांतही नाही.

मेलेल्यांत नाही, एवढंच मिलकाबाईंनी धरून ठेवलं. त्या रडल्या नाहीत. सिनेगॉगातले दोन वडीलधारे घरी आले आणि जपून म्हणाले, "बाई, हशकाबा म्हणून घ्यायची का पोरासाठी?" हशकाबा म्हणजे मेलेल्या माणसासाठीची प्रार्थना. मिलकाबाई उठल्या आणि त्यांनी दार उघडून धरलं.

त्याच दिवसांत त्यांनी लवूच्या आईशी, कौसल्याशी, बोलणं टाकलं. भिंतीला भिंत लागून बिऱ्हाडं, इतक्या वर्षांची वाटी-वाटीची देवघेव, सगळं बंद. कौसल्याने काहीच केलं नव्हतं. तिचा मुलगा परत आला होता, इतकंच. नळावर ती दिसली की मिलकाबाई अर्धी कळशी घेऊनच माघारी फिरत. कौसल्याही ओळखून होती. तिनं दारात बसायचं सोडलं.

सण जवळ आला. चाळीतली कोकणी माणसं गणपतीला गावी जायची बोचकी बांधायला लागली. मिलकाबाईंनी ठरवूनच टाकलं होतं, यंदा हलवा नाही. हयाम येईल तेव्हा करू.

एका सकाळी मोरीपाशी पाहतात तो मोठ्या पातेल्यात गहू भिजत घातलेले. वर पाणी, त्यावर झाकण.

"हे कुणी केलं?"

"मी," रहामिम म्हणाले.

"तुम्हाला कुणी सांगितलं? कुणाचं श्राद्ध घालताय?"

रहामिमना फार बोलायची सवय नव्हती. विडी पेटवता पेटवता थांबले. "अगं, सणाला म्हणून आला तर? दारातनंच विचारील, हलवा कुठाय. तेव्हा गहू भिजत घालायचे काय?"

मिलकाबाईंनी पातेल्यावर झाकण आपटलं. पण दुसऱ्या दिवशी पाणी बदललेलं नाही हे त्यांच्या लक्षात आलं, आणि आंबूस वास सुटेल म्हणून त्यांनीच ते बदललं. मग पाट्यावर गहू वाटायला रहामिम बसले तेव्हा तर त्यांना बघवेना. "सरका. रंधा मारताय का फळीवर?" त्या खाली बसल्या. वाटलं, फडक्यातून पिळलं, चीक निवळायला ठेवला. सकाळी वरचं पिवळं पाणी ओतून टाकलं, तळाशी पांढराशुभ्र चीक बसला होता. नारळ रहामिमनी खवले. साखर, वेलची पडली. पातेलं चुलीवर चढलं.

हलव्याचं खरं काम पुढे असतं. हात एकदा फिरू लागला की थांबायचं नाही, आणि मिश्रण घट्ट होत जातं तसं ते मनगटातला जीव काढतं. दरवर्षी ढवळायला हयाम असायचा. रहामिमचा उजवा खांदा गोदीत फळी पडून दुखावलेला. थोड्याच वेळात त्यांच्या कपाळावर घाम आला, उलथनं अडकायला लागलं. मिलकाबाईंनी ते हातात घेतलं, पण त्यांचेही हात भरून आले. रहामिम उठून बाहेर गेले. शेजारचं दार वाजल्याचं मिलकाबाईंनी ऐकलं.

परत आले ते लवूला घेऊन. लवू उंबऱ्यापाशीच उभा राहिला. मिलकाबाईंनी मान वर केली नाही. मिश्रण खाली धरायला लागलं होतं.

"ये," त्या म्हणाल्या. "हात धुऊन घे."

लवू बसला आणि ढवळू लागला. गिरणीत राबणारा हात होता, पातेलं हलू लागलं. नारळाचं तेल कडेला सुटायला लागलं तेव्हा मिलकाबाईंनी विचारलं, "कुठं पाह्यलास त्याला शेवटचा?"

"नाक्यावर, मावशी. धूर झाला, माणसं सैरावैरा पळाली. त्याच्या सदऱ्याची बाही होती माझ्या हातात." लवूने उलथनं दुसऱ्या हातात घेतलं. "मग नव्हती."

मिलकाबाईंनी मान हलवली. मग जे विचारायला त्यांची जानेवारीपासून जीभ रेटली नव्हती ते विचारलं. "त्या दिवशी भाकरी तशीच टाकून गेला रे. घाई आहे म्हणाला. उपाशीच होता का?"

"नाही ओ मावशी! आमच्याकडे जेवला. आयेनं घावणे केले होते. रसात बुडवून बुडवून खाल्ले. आये आणखी वाढत होती तर म्हणतो, बस आता, एवढं खाल्लं तर पळायचं कसं?"

मिलकाबाईंना हसू आलं. हसता हसता तोंड वाकडं झालं आणि इतक्या महिन्यांचं सगळं रडं एकदम बाहेर पडलं. रहामिम तोंड फिरवून भिंतीकडे पाहत राहिले. लवू घाबरून थबकला.

"थांबू नकोस मेल्या," त्या पदरात तोंड घेऊन म्हणाल्या. "खाली लागेल."

हलवा ताटात ओतला, निवला, वड्या पडल्या. पहिली बशी घेऊन मिलकाबाई शेजारच्या दारात गेल्या. कौसल्या बोचकं बांधत होती, ती चटकन उभी राहिली.

"मिलकाबाय, मी खंयच्या तोंडान येऊ तुझ्याकडे..."

"माझ्या पोराला जेवू घातलंस," मिलकाबाई म्हणाल्या. "मला सांगितलंस का नाही गो?"

"तू बोलतच नव्हतीस."

दोघी बोचक्याशेजारी बसल्या आणि दोघींनी एका बशीतून खाल्लं.

हयाम त्या सणाला आला नाही, पुढच्याही नाही. हलवा मात्र दरवर्षी झाला. चार वर्षांनी राज्य मिळालं. त्यानंतरच्या सणाला रहामिम सिनेगॉगात निघाले, तेव्हा कुणी विचारलं नसताना मिलकाबाई म्हणाल्या, "हशकाबा म्हणून घ्या आज. नाव नीट सांगा. हयाम रहामिम."

रहामिम टोपी हातात धरून क्षणभर उभे राहिले. "तू येतेस?"

"येते," त्या म्हणाल्या, आणि लुगडं बदलायला आत गेल्या.