लाल ठिपक्याचा रुपया

अहमदपूरच्या बसस्टँडसमोर मुनीबभाईंचं घड्याळांचं दुकान आहे. घड्याळ दुरुस्त करायला आता फारसं कुणी येत नाही. पण मुनीबभाईंना जुन्या नाण्यांचा नाद, त्यामुळं लोक नाणी घेऊन येतात आणि ती चकचकीत कशी करायची ते विचारतात. तारामती पायरी चढली तेव्हा ते एका गिऱ्हाइकाला सांगत होते, "चिंच लावू नका, टूथपेस्ट लावू नका, राखेनं घासू नका. घासलं की झिजतंय, आन् झिजलेलं नाणं कुणी हातात धरत न्हाई." गिऱ्हाईक मान हलवून गेलं. "घरी जाऊन घासणारच," मुनीबभाई कंटाळून म्हणाले.

तारामती बाकावर टेकली. पंधरा दिवस तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. पदराची गाठ सोडून तिनं निजामाचा चारमिनारवाला रुपया काचेवर ठेवला. काळवंडलेल्या चांदीवर नेलपॉलिशचा लाल ठिपका होता.

"मुनीबभाई, एवढा ठिपका काढून द्या. घासलेटानं बघितलं, निघंना. सुनेचं नेलपॉलिश काढायचं औषध आणलंय, पण म्हणलं रुपया खराब व्हईल."

मुनीबभाईंनी बाटली हुंगली. "ह्याच्यात वास, तेल, रंग, काय काय घातलेलं असतंय. डाग बसतो त्याचा. नुसतं अ‍ॅसिटोन पायजे. ते चांदीला काय करत न्हाई, वर चिकटलेलं तेवढं सोडवतं. ठिपका कुणी लावला, बाई?"

"असाच हाय. जुना."

असाच कसला! सासूनं दोघी सुनांना पाच-पाच रुपये दिले होते. लक्ष्मीपूजनाला ते एकाच ताटात मांडायचे, म्हणून लग्नकार्यात भांड्यांना करतात तशी खूण केलेली. थोरल्या तारामतीचा ठिपका लाल, धाकट्या शिवकांताचा गुलाबी. बारा वर्षांपूर्वी वाटणीच्या दिवशी तारामतीचा एक लाल रुपया सापडेना. तिनं सरळ जावेचं नाव घेतलं. भावकीसमोर शिवकांताला भंडाऱ्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. तिनं घेतलीही, पण तारामतीचा आवाज मोठा, लोकांना तिचंच खरं वाटलं. शिवकांता नवऱ्याबरोबर जळकोटला राहायला गेली. तेव्हापासून बोलणं बंद.

आणि यंदा नवरात्राच्या झाडझुडीत, मेलेल्या सासूच्या पान-सुपारीच्या चंचीत, अस्तराच्या आत तो रुपया निघाला. म्हातारीनंच ठेवला असेल आणि विसरली असेल. विचारायला ती कुठं होती? लक्ष्मी फेकून देता येत नाही. ताटात ठेवावी तर लाल ठिपका बघून सगळ्या घराला कळणार. ठिपका नसेल तर माहेरचा आहे म्हणून सांगता येईल.

मुनीबभाईंनी खिडकी उघडली, अगरबत्ती विझवली आणि काचेच्या वाटीत अ‍ॅसिटोन ओतलं. प्लास्टिकची वाटी यात विरघळते, असं ते म्हणाले. रुपया आत सोडला. लाल रंग सुटायला लागला. थोड्या वेळानं त्यांनी तो चिमट्यानं दुसऱ्या वाटीतल्या ताज्या अ‍ॅसिटोनमध्ये बुडवला आणि न पुसता फडक्यावर ठेवला.

"बघा. चारमिनार हाय तसा, काळेपणाबी हाय तसा. चांदीला धक्का न्हाई. इथं काय होतं ते कुणाला कळायचं न्हाई आता."

तारामतीनं रुपया उलटसुलट करून पाहिला. खरंच काही कळत नव्हतं. तिला वाटलं होतं, ठिपका गेला की जीव हलका होईल. तसं काही झालं नाही. बारा वर्षं राग धरून आणि पंधरा दिवस लपवून ती पार थकली होती, आणि आता घरी जाऊन माहेरची गोष्ट रचायची होती. तेवढं त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

तिनं पिशवीतून मोबाईल काढला. लेकानं कधीतरी घालून ठेवलेला शिवकांताचा नंबर त्यात होता. ठिपका असता तर जळकोटला जाऊन रुपया नुसता पुढं केला असता, शब्दसुद्धा बोलावा लागला नसता. आता तोंडानंच सांगावं लागणार होतं.

"शिवकांता, मी तारामती बोलतेय. त्यो रुपया घावला गं. माझ्याच घरात व्हता, मामींच्या चंचीत. तू घेतला नव्हतास."



"मला म्हाईतच हाय की ते, आक्का," शिवकांता म्हणाली. आवाजात राग नव्हता, दमलेली वाटत होती. "हे माझ्या मायला सांगायचं व्हतं. भावकी बसली तवा ती तिथंच व्हती. मरस्तवर मला इचारत राहिली, पोरी, घेतला असशील तर देऊन टाक गं."

शिवकांताच्या आईला, रत्नम्माला जाऊन चार वर्षं झाली होती. तारामती तिच्या मातीलासुद्धा गेली नव्हती.